खुर्चीवरून उठायचं नाही

१ मार्च
आज व्हीलचेअरवर बसून बास्केटबॉल खेळले आणि सपशेल माती खाल्ली! कॉलेजच्या संघाची मी सेंटर, विद्यापीठाची पदकं अजून कपाटात चमकतायत – आणि चेंडू रिंगवर आदळला की बूड आपोआप वर! खुर्चीवरून उठलं की फाउल. तीनदा उठले.
"मॅडम, तुम्हाला उभं राहता येतं हे माहितीये आम्हाला," कप्तान म्हणाली. पेशाने शिंपीण, जीभ कात्रीची. सगळे खो खो हसले.
या पायांनी अधू लोकांसाठी खुर्च्या मिळवल्या, हॉल मिळवला, फुकट शिकवायला लागले. पाचवा भिडू मिळेना म्हणून स्वतःच बसले. आता तेच मला शिकवतात!

४ मार्च
भाचीकडे गेले. अपघातात पाय गेल्यापासून ती खोलीबाहेर येत नाही. माझ्याच कॉलेजकडून खेळायची, माझ्याहून चपळ. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच मांडलाय. ती सोडून सगळे आले.
पुन्हा विचारलं. "मावशी, तुझं समाजकार्य माझ्यावर नको." दार बंद.
बहीण ओट्याशी पाठमोरी भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी. जीव तुटतो नुसता.

८ मार्च
कप्तानने माझ्या मांडीवरचा पट्टा स्वतः आवळला. "श्वास येतोय?" "नाही." "मग बरोबर बसलाय."

१५ मार्च
सामना! आणि प्रेक्षकांत कोण? भाची! बहिणीने माझ्या फाउलांची कहाणी मीठमसाला लावून सांगितलेली. मला हसायला आली – पण आली!
शेवटचं मिनिट. चेंडू रिंगवर आदळला. मी... उठले. पट्ट्यासकट! खुर्ची कलंडली – वर चाकं, खाली मी. हॉलभर हशा. त्यात एक आवाज मात्र चिडलेला:
"अगं मावशी, बूड टेकव! चेंडू तुझ्याकडेच येत होता!"
तोच आवाज. कॉलेजच्या मैदानावरचा. किती दिवसांनी ऐकला!
हरलो, अर्थात. परतताना गाडीत तिने मला सोलून काढलं. खुर्ची कुठे लावायची, कुणाला अडवायचं, डोकं कुठे ठेवून आले होते. मी रस्त्यावर नजर ठेवून गाडी हाकली. तोंड उघडलं असतं तर रडलेच असते.

१८ मार्च
बहिणीचा फोन. "काल तिने जेवणाच्या टेबलाभोवती खुर्ची गरगरा फिरवली. टेबलाचा पाय मोडला गं!" आवाजात आनंद मावत नव्हता.

२२ मार्च
संघातून माझी हकालपट्टी! कप्तान म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका मॅडम, तुमच्यापेक्षा बरी मिळाली."
भाची पहिल्याच वळणावर खुर्चीसकट आडवी. मी धावत सुटले. तर ती खालूनच ओरडली, "मावशी, खेळ चालू आहे! कोर्टाबाहेर हो!"
झाले.