टचपॅड बिघडलेलं नाही

ठमे,

टचपॅड बिघडलेलं नाही. काल तू अंघोळीला गेलीस तेव्हा मीच कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं बोटाच्या चित्राचं बटण दाबून ते बंद केलं. तूच कधीतरी दाखवलं होतंस. तू परदेशी गेलीस की घर खायला उठेल, एवढंच डोक्यात होतं. मग तू दिवसभर लॅपटॉप पुसत बसलीस आणि मी शेजारी भाजी निवडत राहिले. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहून ड्यूटीला चाललेय.

तेच बटण पुन्हा दाब. नोकरीचा अर्ज आज पाचपर्यंतच घेतात. रागवायचं ते संध्याकाळी रागाव.

आणि रुजू कधी होणार, तिथे 'आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर' असं लिहिलंयस, ते खोडून 'लगेच' लिही. गुडघा माझा आहे, तो कुठे पळून जात नाही.

आई