चित्रापायी गाळलेला मजकूर

अँटवर्प, ८ फेब्रुवारी १५५६

चि. गिलिस यास मायकेनताईचे अ. उ. आ.

समुद्रापलीकडच्या त्या नव्या किनाऱ्याबद्दलचं तुझं लांबलचक पत्र मी छापलं बरं का! पहिल्या पानावर तुझं नाव इतकं ठळक आहे की आज बाबा असते तर त्यांनी गल्लीभर मिरवलं असतं. प्रती हातोहात जाताहेत.

आता रागावू नकोस. फ्रँकफर्टची पुस्तकांची जत्रा तोंडावर आली होती, नवं चित्र कोरायला सवड कुठली? बाबांच्या वेळचा एक लाकडी ठसा माळ्यावर सापडला, तोच वापरला. उघडेवाघडे लोक शेकोटीवर माणसाच्या तंगड्या भाजताहेत. तुझी माणसं मासे धुरावर ठेवतात, ठाऊक आहे रे मला. पण शेकोटी तर आहे ना! शहराचाही आपल्याकडे एकच ठसा, तो कधी रोम होतो, कधी बाबेल. चित्राला जागा हवी होती, म्हणून तिथल्या बायका रडून स्वागत करतात एवढा मजकूर गाळला. नाहीतरी तो कुणाला खरा वाटला असता?

जेवणाची आबाळ करू नकोस. दारात तुझी वाट बघणारी,
ताई

लिस्बन, ५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुस्तक माझ्याआधी आमच्या नव्या कप्तानाला मिळालं. माणूस आपल्याच मुलखातला. रोज खलाशांना वाचून दाखवतो, चित्र सगळ्यांत फिरवतो. हे खोटं आहे म्हटलं, तर हसून म्हणाला की नाव तर तुझंच छापलंय.

ताई, आम्ही त्याच किनाऱ्याला निघालोय. तापात महिनाभर मला हाताने भरवणारी म्हातारी याबे तिथेच असते. शीड दिसलं की ती बायकांना घेऊन धावत येते आणि टाहो फोडते. पाहुण्याने वाटेत किती सोसलं, त्याचं ते रडणं. पहिल्या वेळी माझीही बोबडी वळली होती. आता हे लोक बंदुका रोखूनच उतरतील. गाळलेला मजकूर एका पानावर छापून ताबडतोब पाठव. माझ्या बोलण्यावर कप्तानाचा विश्वास नाही, छापलेल्यावर आहे. ईस्टर झाल्यावर आठवड्याने निघू. पाया पडतो, उशीर करू नकोस.

तुझा,
गिलिस

अँटवर्प, २४ मार्च

चि. गिलिस यास अ. उ. आ.

किती रे जीव टाकतोस! लहानपणी रस्त्यातल्या गोगलगाईसाठी गाड्या अडवायचास, तसाच राहिलास. जत्रेतून आणखी मागणी आलीय, यंत्राला उसंत नाही. खोटं कशाला बोलू, पुस्तक खपतंय ते त्या चित्रामुळे. दुसऱ्या आवृत्तीत तुझा मजकूर नक्की घालते. आणि रडणाऱ्या बायकांवर बंदूक कोण चालवेल? उगाच घोर लावून घेऊ नकोस, सुखरूप ये.

माया करणारी आणि कान पिळणारी,
ताई

लिस्बन, १९ नोव्हेंबर

ताई,

याबे गेली.

आम्ही नांगर टाकला तशा बायका रडत धावत आल्या. मागे मासळीचा धूर होता. अगदी चित्रातल्यासारखं, असं कुणीतरी ओरडलं. मी कप्तानाचा हात धरला, हे स्वागत आहे म्हणून घसा फोडून सांगितलं. याबेने मला ओळखलं होतं. माझं नाव घेत रडत ती कमरेएवढ्या पाण्यात आली, तिथेच तिला गोळी लागली. आणखी अकरा बायका गेल्या.

मला तुझा राग आलाय. तो लपवणार नाही. पण पुढचंही ऐक. जहाजाची नोंदवही लिहिणं माझं काम. कप्तान शेजारी उभा राहिला आणि त्याने सांगितलं तसंच मी लिहिलं: माणसं खाणाऱ्या बायका किंचाळत अंगावर आल्या, नाइलाजाने बंदुका चालवाव्या लागल्या. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

ती वही आता छापायला मागताहेत. तू नाही छापलीस तरी आपल्या गल्लीतलं कुणीतरी छापेलच. हे खरं का, असं लोक तुला येऊन विचारतील. खोटं आहे म्हणालीस तर ते पान उलटून दाखवतील. खाली सही माझी आहे.

गिलिस