इन्क्युबेटरमधलं दही

१ डिसेंबर २००३
आले बाई एकदाची नाशकात! नांदगावचं सगळं बिऱ्हाड एका टेम्पोत मावलं. चार वर्षांची सृष्टी वाटभर बडबडत होती. ह्यांची बदली होईपर्यंत आम्ही दोघी मायलेकीच. शेजारच्या विमलाबाईंनी आल्या आल्या पोळीभाजी आणून दिली, वर म्हणाल्या, तू खुशाल लॅबला जा ललिता, पोरीला मी सांभाळते. अशी शेजारीण मिळायला नशीब लागतं.

४ डिसेंबर
काम आवडलं. दवाखान्यांतून आलेले जंतू काचेच्या ताटलीत वाढवायचे, वर औषधांच्या सहा कागदी चकत्या ठेवायच्या. जिच्याभोवती स्वच्छ गोल पडेल ते औषध लागू. गोल नाही, तर औषध फुकट.
थंडी मात्र जीव घेते. दही काही केल्या लागत नाही. लॅबच्या गोटीराममामांनी युक्ती सांगितली : जंतू उबेला ठेवतो त्या इन्क्युबेटरात खाली ठेवा पातेलं, लय घट्ट लागतंय, सरांना तेवढं बोलू नका. ठेवलं. अहाहा, सुरीनं कापावं असं दही! विमलाबाई वाटीभर विरजण घेऊन गेल्या.

११ डिसेंबर
आज एका ताटलीत पाच चकत्यांना गोलच नाही, फक्त सहावीला. सर म्हणाले, या जंतूंकडे औषध पचवायची विद्या असते. ती ते पोराबाळांनाच देतात असं नाही, शेजारच्या दुसऱ्याच प्रकारच्या जंतूलाही देऊन टाकतात. मला हसूच आलं. म्हटलं, म्हणजे आमचं विरजणच की, लेकीला देतो तसं शेजारणीलाही! सरही हसले.

१५ डिसेंबर
पातेल्याचं झाकण ओलं होतं. वरच्या फळीवरच्या जंतूंच्या दोन नळ्या तडकून ठिबकलेल्या; एक त्या पाच चकत्यांना न जुमानणाऱ्यांची, दुसरीवर चिठ्ठीच नाही. मामा म्हणाले, नेहमीचंच आहे, पुसून घ्या. पुसलं. दही छान लागलं होतं, टाकवेना. घरी नेलं. नवं विरजण विमलाबाईंनाही दिलं, त्यांच्याकडून गल्लीभर गेलं.

२२ डिसेंबर
सृष्टीला ताप. लघवीला जळजळ म्हणून रडते. दवाखान्यात ठेवलं. नमुना मीच ताटलीत लावला.

२४ डिसेंबर
पाच चकत्या, गोल नाही. सहावीला आहे, बारीकसा. तेच इंजेक्शन सुरू केलं.
जंतू मात्र नळीतले नाहीत. साधे आहेत, सगळ्यांच्या पोटात असतात तसले. पण विद्या तीच. यांना कुणी दिली?
दही. मीच भरवलं. रोज, साखर घालून.

२५ डिसेंबर
घरचं दही ओतून टाकलं. विमलाबाईंना म्हटलं, तुमचंही फेका, गल्लीलाही सांगा. हसल्या. इतकं चांगलं दही कुणी फेकतं का, म्हणाल्या. का फेकायचं ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्यांच्याकडचं चमचाभर तपासायला आणलं.

२६ डिसेंबर
ताप उतरला! पोरगी हसली. आई, भूक लागली म्हणाली. मी ढसाढसा रडले.

२७ डिसेंबर
विमलाबाईंच्या दह्याची ताटली पाहिली. सहावीलाही गोल नाही.
दुसऱ्या नळीत काय होतं — कोण जाणे. सातवी चकती आमच्याकडे नाही. सर म्हणाले, कुणाकडेच नाही.
सृष्टीच्या पोटातल्या जंतूंना अजून सहावं लागू आहे. तेवढंच हातात —

दुपारी
रिक्षानं दवाखान्यात आले. विमलाबाई पोरीपाशी बसलेल्या. भूक भूक करत होती, घरून दहीभात आणला, म्हणाल्या. सगळा संपवला बघ. तुझ्याच विरजणाचं —
वाटी रिकामी. सृष्टी बोटं चाटतेय.

२९ डिसेंबर
सकाळी १०१. आता १०३.
विमलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या नातीलाही कालपासून ताप — समोरच्या लंकाबाईंच्या घरीही —
१०४. सृष्टी हाक मारतेय. सिस्टर इंजेक्शन भरताहेत. तेच, सहावं. पोरगी स्वतःच हात पुढे करते, म्हणते, आई, याने बरं वाटतं ना? मी तिला कसं सांगू, की आता ते