किती राहिले?

मंगळवार, नांदेड. दिवेलागण.

आज नव्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यानं बाबांचा फोटो काढायचा होता. राहिला.

दुकानदार म्हणाला होता, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासारखेच रंग येतात. येतात की, जवळजवळ. काल घरात काढून पाहिले. फ्लॅशनं चेहरा तसाच पांढरा पडतो, मागची भिंत तशीच काळी. वाटलं, लहानपणी हिमायतनगरच्या घरात काढलेले ते फोटो पुन्हा जमतील.

बाबा दवाखान्यातून आल्यापासून खाटेवरच आहेत. कॅमेरा दिसला तसे उठून बसले, टोपी मागितली. घातली आणि जुन्या सवयीनं विचारलं, "किती राहिले?"

छत्तीस फोटोंचा रोल होता तेव्हा हा प्रश्न ठरलेला. दोनच राहिले म्हटलं की आई चुलीपुढून उठून पदर सावरत यायची, बाबा टोपी सरळ करायचे. शेवटच्या फोटोला तर कुणी श्वासही घ्यायचं नाही.

मी आपला हसत बोलून गेलो, "लई हायेत बाबा. ह्यात संपतच न्हाईत."

"मग ऱ्हाऊ दे. नंतर काढ." टोपी काढून उशाशी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

नंतर कधी? परवा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय सांगितलं, ते त्यांना ठाऊक नाही. आणि मी रंग जुळवत बसलो होतो.

टोपी अजून उशाशीच आहे.

उद्या विचारलं तर सांगणार, एकच राहिलाय.