आवाज स्वयंपाकघरातून ऐकायचा

अण्णा, टीव्हीखाली सध्या हातभर लांब काळी पट्टी आहे, आणि ती चांगली की वाईट हे मला गुरुवारच्या आत ठरवायचं होतं. साउंडबार म्हणतात त्याला. तुमच्या नातीने नेदरलँड्समध्ये बसल्या बसल्या मागवून दिला. याला कॅसेट लागत नाही, टीव्हीसुद्धा चालू असावा लागत नाही. वायफायवरून स्वतःच गाणी काढतो आणि तोंडाने सांगितलं की ऐकतो. ती दिवाळीला येणार होती, जमलं नाही, म्हणून हा आला. "बोललीस की उत्तर देतो, आई. घरात आवाज राहील. नीट पारखून सांग, नको असेल तर गुरुवारी परत न्यायला येतील," म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तुला अगदीच करमत नसेल ना, तर डिसेंबरमध्ये चार दिवस तरी येऊन जाते मी. पण खरं सांग हं." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी लगेच विषयच बदलला.

पारखायचं म्हटल्यावर मला तुमच्याशिवाय दुसरं कोण आठवणार? कारखान्यात दिवसभर वायरलेस सेटचे आवाज तपासून तुमचं पोट भरत नसे. घरी कुठलाही रेडिओ आला, शेजाऱ्याचा का असेना, की हॉलच्या मधोमध दोरी बांधून चादर टांगली जायची आणि आईला व मला स्वयंपाकघरात पिटाळलं जायचं. वर नळ सोडायचा. पाहुण्यांना वाटे, यांचं डोकं फिरलंय. पण तुमचं म्हणणं असं, की रेडिओ ऐकणारा खुर्चीत बसून ऐकतच नाही, तो भांडी घासताना ऐकतो. तेव्हा आवाज स्वयंपाकघरातूनच ऐकायचा, नळ चालू ठेवून, आणि कुठलं यंत्र वाजतंय हे ठाऊक नसताना. गाणं तर तुम्ही लावतच नव्हता. "गाण्याखाली यंत्राचे दोष झाकले जातात," म्हणायचात, आणि स्वतःच वाचून टेप केलेला तो कागद लावायचात: सासूबाईंनी सहा शेवग्याच्या शेंगा सोलल्या, घोड्याने ढगाकडे बघून ढेकर दिली. मोठ्याने, अगदी सरकारी आवाजात. मग पलीकडच्या घरातून शेजारची अक्का कानडीत ओरडायची, "अण्णा, स्वल्प कम्मी माडी!" तुम्ही "सरी, सरी," म्हणून आवाज कमी करायचात आणि ती आत गेली की पुन्हा वाढवायचात.

मी नऊ वर्षांची आहे. यशवंतपूरहून आणलेल्या प्लायवूडचा स्पीकर तुम्ही दोन महिने खपून बनवला आहे आणि आज जुन्या स्पीकरशेजारी ठेवून त्याची परीक्षा आहे. आई नळापाशी, मी दाराशी. चादर खालून वीतभर आखूड आहे. मी वाकते आणि तुमचे पाय कुठल्या खोक्यापाशी आहेत ते बघून घेते. सासूबाई शेंगा सोलतात. तुमच्या खोक्यातून प्रत्येक 'स'मागे एक बारीक खरखर येते, मला चक्क ऐकू येते. तरी मी ओरडून सांगते, "हा चांगला! हा एकदम छान!" तुमचा चेहरा असा फुलतो की मला जत्रेतून आल्यासारखं वाटतं. मग पुढचा आठवडाभर तुम्ही फॅक्टरीची बस चुकेपर्यंत सकाळी उठून दुसरंच काहीतरी दुरुस्त करत बसलात, कारण खरखर तुम्हाला अधूनमधून जाणवत होती आणि माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही ती टेपची आहे असं धरून चाललात. रविवारी उलगडा झाला. तुम्ही रागावला नाहीत, तेच जास्त लागलं. पोळीचा घास हातात धरून एवढंच म्हणालात, "आवडेल ते सांगू नये, बाळ. ऐकू आलं ते सांगावं. तू गोड बोललीस आणि मी आठवडाभर चुकीच्या जागी शोधत राहिलो." आईने मला वाढलेला गूळ त्या दिवशी मी खाल्ला नाही.

तर काल दुपारी मी दोरी बांधली. चादर डबल बेडची होती, नीट जमिनीपर्यंत आली. एकट्या बाईने हॉलमध्ये चादर टांगून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचा, हे कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर लेकीला फोन गेला असता. तिथूनच ओरडून हुकूम सोडले: गाणं लाव, आवाज कमी कर, पुढचं लाव. नळ चालू असूनही सगळं ऐकलंन, एकदाही मागं वळून विचारलं नाही. एवढा आज्ञाधारक प्राणी आपल्या घरात यापूर्वी आला नव्हता. खर्ज मात्र सुरुवातीला फार. तबला शेजारच्या खोलीत कपाट सरकवल्यासारखा वाजत होता. फोनवर त्याच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करायचा एक पर्याय सापडला, तो लावल्यावर शब्द सुटे झाले. शिवाय तो बोलतो फार सभ्य. मी म्हटलं, "थँक्यू," तर म्हणाला, कधीही सांगा. ती सभ्यता नकोशी झाली म्हणून मी पुढे त्याचे आभार मानायचं सोडून दिलं.

आता कागदाची चाचणी राहिली होती. तुमची ती टेप मी मागेच फोनमध्ये उतरवून घेतली होती, पण गेली कित्येक वर्षं लावली नव्हती, धीरच झाला नाही. काल लावली, आणि पळत स्वयंपाकघरात आले. सासूबाईंनी सहा शेवग्याच्या शेंगा. अण्णा, मी नळापाशी उभी राहिले आणि मला कळेना. 'स' स्वच्छ होता, 'ढ' जागच्या जागी, खरखर नाही. पण हे तुम्हीच का? तुम्ही असेच बोलत होता, की हा काळ्या पट्टीने घासून पुसून दिलेला कुणी वेगळाच माणूस? मी तुमच्या जवळ पंचवीस वर्षं राहिले आणि मला सांगता येईना. फार भीती वाटली. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, "अण्णा! स्वल्प कम्मी माडी!"

अक्का आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं, चादर दाखवली नव्हती, ती तिच्या स्वयंपाकघरात होती. तुम्हाला याहून चांगला पारखी मिळाला नसता. मी बाहेर गेले तेव्हा ती गेटला धरून उभी होती. "अय्यो, मी काय बोलून गेले बघ," म्हणाली. "अण्णा जाऊन किती वर्षं झाली! म्हातारपण दुसरं काय." मी म्हटलं, "नाही अक्का, अण्णाच होते. टेप लावली होती." तिने आमच्या दाराकडे कान केला. मग म्हणाली, "मग राहू दे गं. कमी करू नको." आम्ही दोघी गेटशी उभ्या राहून घोड्याची ढेकर ऐकली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी तुमच्यासारखी शिस्तीत सगळं सांगितलं: खर्ज जास्त पण आवरता येतो, शब्द स्पष्ट, नळ चालू असताना हुकूम ऐकतो, ठेवण्यासारखा आहे. त्यातलं अक्षरही खोटं नाही. मग तिने विचारलं, "आणि तुला? करमतं ना आता?" तिच्या मागे भांडी वाजत होती. दमलेली होती, ते मला तिकडून इथपर्यंत ऐकू आलं. मी म्हटलं, "हो तर! घर कसं भरल्यासारखं वाटतं." तिने सुटकेचा श्वास सोडला, तोही ऐकू आला. "बरं झालं बाई. मग डिसेंबरचं राहू दे, उन्हाळ्यातच निवांत येते," म्हणाली.

मी पुन्हा गोड बोलले, आता ती उन्हाळ्यापर्यंत चुकीच्या जागी शोधत राहील, शोधत असेलच तर. आज गुरुवार. साउंडबार न्यायला कुणी येणार नाही. दोरी सोडायला दोनदा स्टुलावर चढले आणि दोन्ही वेळा तशीच उतरले. चादर अजून टांगलेलीच आहे, अण्णा, आणि स्वयंपाकघरात मी नळ उगाच सोडून ठेवते.