गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राची खंडेनवमी

बालाजी घाट, वाराणसी
आश्विन शुद्ध त्रयोदशी

चिरंजीव वेणीमाधव यास पद्माताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, माझे गुडघे वगळून. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळलं. काळा चष्मा लावून काढलेला फोटोही मिळाला. त्यात तू पेन्शनीत निघालेला खलनायक दिसतोस. रागावू नकोस, पण मी आणि सुरेखा (माझी ही धाकटी जाऊ फारशी हसत नाही) पोट धरून हसलो. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, आणि डोळे आधी गेले! दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्मभर फायली वाचल्यावर दुसरं काय होणार? मी रेल्वेत एकतीस वर्षं तिकिटं तपासली. डब्याच्या दारात उभं राहून तिसऱ्या बाकावरच्या तिकिटाची तारीख वाचायचे. असो. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. हे गेल्यावर त्यांची पॉइंट टू टू रायफल माझ्या नावावर झाली आणि गेली नऊ वर्षं मी रायफल क्लबाच्या ज्येष्ठांच्या संघात तिसरी आहे, हे तुला ठाऊक आहे. मार्गशीर्षात लखनौवाल्यांशी सामना आहे. चैत्रापासून माझ्या गोळ्या जरा इकडेतिकडे लागताहेत (एक शेजारच्याच्या टार्गेटवर लागली, पण तिला दहा गुण मिळाले, हे कोणी बोलत नाही). तर आमचा कोच विश्वेश्वर, ज्याला मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखते, तो सगळ्यांसमोर म्हणतो, "माताजी, अबकी बार आप स्कोर लिखिए, चाय-वाय देखिए." चाय-वाय! मी इंग्रजीत रागावले. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी तसंच शिकवलं होतं, पाठ ताठ आणि वाक्य पूर्ण. पण बनारसी माणसावर इंग्रजी राग वाया जातो. त्याने खरोखरच चहा मागवला.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, माझा हात ठीक आहे, डोळे ठीक आहेत, तेव्हा दोष काडतुसांचा. एका काडतुसात दारू कमी, एकात जास्त. मग एक गोळी रमतगमत जाते, एक धावत सुटते, आणि दोघी एका ठिकाणी कशा पोचणार? तो म्हणाला, वेग मोजून दाखवा, तिसरी जागा तुमची. नाहीतर स्कोरचं टेबल.

म्हणून वेग मोजायचं यंत्र निवडायला निघाले. नेण्याआणण्यासारखी तीन प्रकारची मिळतात. पहिलं नळीच्या टोकाला पट्ट्याने बांधायचं. त्याच्या वजनाने नळीच मान टाकते, म्हणजे वेग कळतो पण गोळी गंगेत. दुसरं रडारचं, वहीएवढं, बाजूला ठेवलं की काम झालं. क्लबातल्या एका कर्नलसाहेबांचं आहे. ते शेजारच्याची गोळीही माझ्या नावावर लिहीत होतं, आणि त्यावरचे आकडे मुंग्यांनी वाचण्यासाठी छापलेले आहेत (हल्ली सगळंच बारीक छापतात, तुझ्याही लक्षात आलं असेल). तिसरं माझ्या मनात भरलं. तिपाईवर एक लांबट पेटी, वर दशाश्वमेधावर असतात तशा दोन छत्र्या, फक्त पांढऱ्या प्लास्टिकच्या. गोळी छत्र्यांखालून जाते. पेटी पहिल्या छत्रीखाली तिला बघते, मग दुसरीखाली बघते, आणि मधल्या वेळावरून वेग काढते. सिग्नलच्या दोन केबिनींसमोरून गाडी पास व्हावी तसं. रेल्वेच्या माणसाला हे चटकन समजतं. मागवलं.

ते आलं नेमकं खंडेनवमीला. आपल्याकडे त्या दिवशी विळीपासून वरवंट्यापर्यंत सगळ्यांची पूजा. पाटावर रायफल, शिलाई मशीन, कुकर आणि हे नवं यंत्र. सुरेखाने सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली, आणि पुढे जो घोळ झाला तो तिच्याच पूजेचा प्रसाद.

एकादशीला मी यंत्र घेऊन रेंजवर. सगळा क्लब जमला होता (फुकटची जिलबी असल्यासारखा). पहिली गोळी झाडली. विश्वेश्वरने आकडा वाचला: सेकंदाला सत्तेचाळीस फूट. म्हणजे उताराला लागलेली सायकल. दुसरी गोळी, नऊ हजार. मी रायफल खाली ठेवली आणि सर्वांकडे वळून म्हटलं, "देख लिया?" कर्नलसाहेबांनी टाळी वाजवली. माझ्या आयुष्यातलं ते फार चांगलं अर्धं मिनिट होतं.

मग विश्वेश्वर पेटीवर वाकला, आत बोट घातलं, आणि पिवळं झालेलं बोट वर करून दाखवलं. दुसऱ्या बाजूने लाल. यंत्राच्या दोन्ही डोळ्यांत हळदकुंकू! वर चार अक्षता. क्लब इतका हसला की रेंजवरच्या खारी पळाल्या. एवढा अपमान बिनतिकीट आमदाराला पकडलं तेव्हाही झाला नव्हता. सुरेखाला घरी येऊन काय बोलायचं ते बोलले. पुन्हा नेम धरायला मी तिथे थांबले नाही; तत्त्वाचा प्रश्न होता.

तेव्हा तू तुझ्या कारखान्यातल्या जुन्या लोकांना विचारून खात्रीचं यंत्र कोणतं ते कळव. आकडे मोठे असावेत. वहिनीला आशीर्वाद, आणि तिने तुला टीव्ही बघू देऊ नये.

तुझी,
पद्माताई

ता. क. सुरेखाने फक्त फुलं वाहिली होती. हळदकुंकू मी लावलं. पेटीवर दोन गोल खळगे होते, एक हळदीला आणि एक कुंकवाला केल्यासारखे. ती म्हणाली होती, "ताई, काच आहे हो ती." मी म्हटलं, "मला दिसतंय."

ता. क. २. मी थांबले होते. विश्वेश्वरने स्वतःच्या रुमालाने काचा पुसल्या आणि मी दहा गोळ्या झाडल्या. एक हजार एकसष्ट ते एक हजार एकोणसत्तर, दहाच्या दहा. एवढी गुणी काडतुसं मी पाहिली नाहीत. टार्गेटवर तीनच लागल्या. त्याने टार्गेटची घडी घालून माझ्या हातात दिली. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. तिसऱ्या जागेवर माझं नाव अजून आहे, पण पेन्सिलीने.

ता. क. ३. तुझ्या त्या डॉक्टरांची वेळ घे. दोन्ही डोळ्यांसाठी. कोजागिरी झाली की मी तुझ्याकडे नागपूरला निघते. इथे सगळ्यांना यंत्र बघायला जाते असं सांगितलं आहे, तूही तेच सांग. आणि तो काळा चष्मा फेकून देऊ नकोस.