एमेटने वाचून दाखवलेला नियम

ऑश्कॉश, विस्कॉन्सिन
९ जानेवारी २०१६

चि. आर्लिस हिस, वेंडेलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं बरं, तुझ्याकडे त्याहून बरं असावं. कागद गिरणीतली शिफ्ट संपवून येतो, जेवतो आणि त्या पुस्तकाला बसतो. तू विचारतेस, आपल्या थोरल्या भावाने, एमेटने, आपल्याला तळघरात शिकवलेला तो फाशांचा, गुहा-राक्षसांचा खेळ पुन्हा लिहून काढायला तीन वर्षं कशी लागतात. मूळ कंपनी आता त्याचं नियमांचं पुस्तक छापत नाही. वकील म्हणतो, खेळाचे नियम कुणाच्या मालकीचे नसतात, पण ज्या शब्दांत ते सांगितले ते शब्द असतात. म्हणून प्रत्येक नियम नव्या शब्दांत लिहायचा आणि कुणीही छापावा, बदलावा, वाटावा अशी परवानगी देऊन सोडून द्यायचा.

माझं दुर्दैव असं की मला जुनं पुस्तक तोंडपाठ आहे. मी माझ्या शब्दांत म्हणून लिहितो, आणि ओहायोचा आमचा तपासनीस ऑरिन लाल शेरा मारून परत पाठवतो की हे जसंच्या तसं मूळचंच आहे. शंभर पानं अशी चारदा लिहून झाली. थकलो गं.

एक काम कर. मरणाऱ्या सोबत्याला वाचवायचा नियम तेवढा तू लिहून पाठव. तू पुस्तक कधी उघडलंच नाहीस, तेव्हा तुझे शब्द तुझेच असतील. एमेटला दिलेला शब्द मला पाळायचाय. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला होता, की खेळ होता तसाच लोकांना मिळू दे, आपल्या पदरचा एकही नियम घालू नकोस.

थंडीत जीव सांभाळ, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
वेंडेल

———

डुलुथ, मिनेसोटा
१८ जानेवारी २०१६

ती. वेंडेल यास, धाकट्या आर्लिसचा सा. न. वि. वि.

लोरेटावहिनी फोनवर सांगत होती, की हल्ली तू शुक्रवारी तळलेले मासे खायलासुद्धा घराबाहेर पडत नाहीस. एमेट असता तर म्हणाला असता, राक्षस परवडले पण हा नको.

नवे शब्द मी कुठून आणू? मी नऊ वर्षांची होते. खेळातल्या राक्षसी कोळ्यांच्या गुहेत माझं पात्र, ती बुटकी, मेली आणि मी टेबलाखाली जाऊन रडत बसले. खेळ चालवत होता एमेट. त्याने पुस्तक उघडलं, बराच वेळ पानं चाळली आणि वाचून दाखवलं: पडलेल्यापाशी जो थांबेल आणि आपली पाळी सोडून देईल, त्याचा सोबती मरणार नाही. मग त्याने तुझ्याकडे बघितलं. तू पाळी सोडलीस, आणि खजिना हातचा गेला म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस.

एवढंच येतं मला, तेही त्याने वाचलं त्याच शब्दांत. म्हणजे हे पुस्तकातलेच, तुझ्या कामाचे नाहीत. रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
आर्लिस

———

ऑश्कॉश
२ फेब्रुवारी २०१६

चि. आर्लिस हिस अनेक आशीर्वाद.

तुझं वाक्य ऑरिनला पाठवलं. त्याने कळवलं, की हा नियम पुस्तकात नाहीच. त्याच्याकडे तिन्ही आवृत्त्या आहेत. मीही पान न् पान पाहिलं. नाही. पुस्तक तोंडपाठ म्हणून मिरवणारा मी, सदतीस वर्षं हा नियम त्यातला समजून खेळत आलो.

ऑरिन म्हणतो, बाहेरचा नियम आहे, काढून टाका. त्याचं चुकत नाही, आणि एमेटला मी तसाच शब्द दिलाय. पण काढायला मन धजत नाही म्हणून चार दिवस ते पान तसंच पडून आहे. भांडायचं त्राण आता माझ्यात नाही. पंधरा तारखेला पुस्तक लोकांसाठी सोडायचंय, त्याआधी काढीन.

तुझ्या मायेवर दिवस काढतोय.

वेंडेल

———

डुलुथ
८ फेब्रुवारी २०१६

ती. वेंडेल यास सा. न.

काढू नकोस. आधी हे वाच.

एमेटची प्रत माझ्याकडे पेटीत होती. तो गेल्यापासून उघडायची हिंमत झाली नव्हती, काल उघडली. मला पक्कं आठवतं, त्याने शेवटच्या पानावर बोट ठेवून वाचलं होतं. त्या पानावर फासे मागवायचा छापील अर्ज आहे. नाव, पत्ता, किती संच हवेत, बस. सतरा वर्षांचा पोरगा तो, फाशांच्या अर्जावर बोट ठेवून एकदाही न अडखळता मला नियम वाचून दाखवत होता. कारण पुस्तकात आहे म्हटल्याशिवाय तू पाळी सोडली नसतीस. मी स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले.

आपल्या पदरचा नियम घालू नकोस म्हणे. लबाड कुठला. सगळ्यात आधी त्यानेच घातला. तो नियम राहू दे आणि खाली त्याचं नाव घाल. वारस म्हणून माझी परवानगी लागत असेल तर हे पत्र दाखव: कुणीही छापावा, बदलावा, वाटावा.

आता थोडी झोप काढ, आणि या बहिणीची आठवण ठेव.

आर्लिस

———

ऑश्कॉश
१६ फेब्रुवारी २०१६

चि. आर्लिस हिस अनेक आशीर्वाद.

पुस्तक काल सोडलं. ऑरिन दोन दिवस कुरकुरला, मग तुझं पत्र वाचून म्हणाला, शेवटी वेगळं पान करा. तसं केलं. खाली एमेटचं नाव आहे. शुक्रवारी लोरेटाबरोबर मासे खायला गेलो आणि खुर्चीतच डुलक्या घेऊ लागलो, ती सगळ्यांना सांगत सुटली आहे.

लोभ आहे तो वाढव, आणि दारातलं बर्फ एकटीने उपसू नकोस.

तुझा,
वेंडेल

ता. क. शंभर पानांत जुनं एक वाक्य मला होतं तसं ठेवता आलं नाही. एमेटचं ठेवलं. त्यातला एकही शब्द बदलावा लागला नाही.